अट फक्त पहिल्या ओळीला

कल्पना,

तुझी फाइल मी बाराव्या दिवशी उघडली. दापोऱ्यात तुझ्या घरी तुझ्या तेराव्याच्या जेवणाची तयारी चालली असेल, आणि मी लोधीपुऱ्यात वर्कशॉपच्या माळ्यावर तुझ्या खुर्चीत बसले होते. माझी खुर्ची डुगडुगते म्हणून तुझ्या. दुसरं काही कारण नव्हतं. रडू येईल म्हणून ओढणीचं टोक हातात धरून ठेवलं होतं. आलं नाही. पलीकडच्या भिंतीतून कापडाच्या लूमचा आवाज येत होता, रोज येतो तसाच. मी फाइल वरून खालपर्यंत सरकवली, पुन्हा वर आणली, आणि खाली जाऊन चहा घेऊन आले. दोन कप आणले. दुसरा कप कोणाला द्यायचा हे जिन्यात लक्षात आलं, मग तिथेच उभं राहून दोन्ही प्यायले.

आपले वर्कशॉपचे मालक, भाऊ, म्हणाले होते, "उज्ज्वला, घाई नाही. पण एकत्रीकरण आता तुलाच पुरं करावं लागेल."

मी "हो" म्हटलं. हल्ली मी सगळ्यांना "हो" म्हणते.

तुला सगळं ठाऊक आहे. तरी मागच्या आठवड्यात तुझ्या दादाला मी हे पहिल्यापासून सांगितलं, आणि सांगताना मलाच ते पहिल्यांदा नीट ऐकू आलं. म्हणून तसंच लिहिते. शेतातल्या पंपाची मोटर आपोआप चालू-बंद करणारी पेटी आपण बनवतो. आधी साधी पेटी होती, मग व्होल्टेज बघून चालणारी आली, मग मोबाइलवरून फोन केला की चालणारी. तीन पेट्या, तीन प्रोग्राम, आणि तेच तेच काम तिन्हींत वेगवेगळं लिहिलेलं. त्या तिन्हींचा एक प्रोग्राम करायचा, हे एकत्रीकरण. दोन वर्षं आपण दोघी त्याच्याच मागे होतो. आणि मागच्या जूनपर्यंत एकाच गोष्टीवरून भांडत होतो.

तुझे मॅक्रो.

पॉलिटेक्निकात सर हिंदीत शिकवायचे, पुस्तक इंग्रजीत, आणि तू विचार करायचीस मराठीत. त्यावर तूच उपाय काढलास. प्रत्येक कामाला रोमन अक्षरांत मराठी नाव दिलंस. मोटर_सुरू. जरा_थांब. पाणी_संपलं. बझर वाजवायच्या मॅक्रोला तू आई_ओरडली असं नाव दिलं होतंस. इंदूरचा कोर्स करून मी परत आले त्या आठवड्यात तू मला तुझा प्रोग्राम वाचून दाखवलास, मोठ्यानं, पोथी वाचावी तसा. "पाणी संपलं तर मोटर बंद, आई ओरडली." मी पोट धरून हसले होते.

"हस. पण समजलं का नाही?"

"समजलं."

"मग झालं तर."

वाचून बघायची सवय तूच लावलीस मला. प्रोग्राम मोठ्यानं वाचायचा, कानाला खटकलं तिथे चूक शोधायची. आजही मी तसंच करते. फक्त आता हळू आवाजात, कारण खालची माणसं वर बघतात. डाग लावायला, म्हणजे सोल्डरिंग करायलाही तूच शिकवलंस. इंदूरनं मला सर्टिफिकेट दिलं, हात तू दिलास. हे मी तुला कधी म्हटलं नाही. तू म्हणाली असतीस, "चल, डायलॉग मत मार."

भांडण असं व्हायचं. मी म्हणायचे, "कल्पू, हे सगळे मॅक्रो काढून साधी फंक्शन करू या. दुसरं कोणी वाचेल तर त्याला कळलं पाहिजे आत काय आहे."

"दुसरं कोण वाचणार आहे? तू आणि मी."

"उद्या कोणी तिसरं आलं तर?"

"तिसऱ्याला मराठी शिकव."

"नावं राहू दे ना मराठी! मी नावाचं बोलतच नाहीये. मॅक्रो नको, एवढंच."

"फंक्शन जागा खातं. चिप एवढीशी आहे."

"ती जुनी चिप. नव्यात जागा भरपूर आहे."

"उज्जू, दिमाग मत खा यार. चालतंय ना?"

चालत होतं. हेच तर होतं, की चालत होतं.

तुझ्या दादाला मी मॅक्रो असा समजावला. मॅक्रो म्हणजे एका लांब मजकुराला दिलेलं छोटं नाव. आपण नाव लिहिलं की कॉम्प्युटर त्या जागी अख्खा मजकूर आणून चिकटवतो. तुझ्या मोटर_सुरूमध्ये दोन कामं होती. पहिलं, वेळ मोजणारं घड्याळ लावायचं. दुसरं, मोटरला करंट सोडायचा. पेटीवर मोटर अडवून ठेवणारं कुलपाचं बटण आहे. आता कोणी लिहिलं, "कुलूप लावलेलं नसेल तर मोटर_सुरू", तर वाचणाऱ्याला वाटतं की कुलूप असताना मोटर सुरू होणारच नाही. पण तिथे चिकटतात दोन ओळी, आणि अट लागते फक्त पहिल्या ओळीला. घड्याळ लागत नाही. करंट मात्र सुटतो. दोन्ही ओळींना मिळून कंस घातला तर हे होत नाही. फंक्शन असेल तर कंसही लागत नाही, कारण ते एकच बोलावणं असतं. अट नाही म्हणाली, तर बोलावणंच जात नाही.

दादा उजव्या हाताकडे बघत ऐकत होता.

मागच्या जूनची गोष्ट. दापोऱ्याच्या तुमच्या विहिरीत कमरेएवढं पाणी होतं आणि मोटरच्या तोंडाची जाळी पाल्यानं भरली होती. लाइट गेलेली. दादानं पेटीवरचं कुलपाचं बटण दाबलं आणि तो खाली उतरला. मेन स्विच पाडायला हवा होता, असं नंतर सगळे म्हणाले. पण ते बटण त्याचसाठी आहे हे आपणच सांगत होतो शेतकऱ्यांना. तू स्वतः बहादरपूरला दहा माणसांसमोर बटण दाबून दाखवलं होतंस, आता लाइट आली तरी मोटर उठणार नाही म्हणून. आणि उठली नव्हती. त्या दिवशी दापोऱ्यात लाइट आली ती कमी व्होल्टेजची. पेटी थांबून राहिली. थोड्या वेळानं व्होल्टेज चढलं, आणि तेव्हा मोटर उठली. दादानं जाळी काढून ठेवलेली होती, हात आत होता. दोन बोटांचे शेंडे गेले.

व्होल्टेज चढल्यावर काय करायचं, ती ओळ नवीन होती. आपण तपासलं होतं ते साधं येणं-जाणं. कमी येऊन मग चढणारी लाइट कुलूप लावून कोणी तपासलीच नव्हती.

ती ओळ मी लिहिली होती.

भाऊ दुसऱ्या दिवशी सकाळी माळ्यावर आले. तुझे डोळे सुजलेले होते, दवाखान्यातून सरळ आली होतीस तू. प्रिंट काढून तू दहा मिनिटांत जागा शोधलीस, पेन्सिलनं गोल केला, आणि माझ्याकडे बघितलंस. रागानं नाही. नुसतं बघितलंस. मी काय करत होते माहितीये? स्क्रू मोजत होते. डबीतले स्क्रू टेबलावर ओतून एकेक परत डबीत टाकत होते.

भाऊंनी विचारलं, "कोणाचं आहे हे?"

तू म्हणालीस, "मॅक्रो माझा आहे, भाऊ."

खोटं नव्हतं ते. मॅक्रो तुझाच होता. मी त्या वाक्याच्या मागे जाऊन उभी राहिले आणि तिथेच राहिले. भाऊ तुला बरंच बोलले. माझ्याकडे वळून म्हणाले, "तू तरी बघायचं होतंस." मी "हो" म्हटलं.

आणि संध्याकाळी, शनवारा चौकाजवळ गाडीत पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा, मी तुला काय म्हणाले? ते मला रोज आठवतं. दात घासताना, बस पकडताना. मी म्हणाले, "म्हणूनच मी म्हणत होते, फंक्शन कर."

तू हेल्मेटचा पट्टा लावत होतीस. म्हणालीस, "हो ना. तू बोलली होतीस."

त्यानंतर आपलं ते भांडण कधी झालं नाही. पुढचे दोन महिने तू एकेक गाव फिरलीस, लावलेल्या सगळ्या पेट्यांच्या चिपा बदलत. काही ठिकाणी मीही होते, पाठीमागे बसून, मांडीवर पेटी धरून. केळीच्या बागेतून जाताना तू एरवी सारखी बोलायचीस. त्या दोन महिन्यांत गाडीच्या आवाजाशिवाय काही ऐकल्याचं मला आठवत नाही. मी ठरवायचे, आज सांगू. मग घर यायचं.

होळीनंतर तुला ताप आला. चार दिवस. पाचव्या दिवशी भाऊंचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते, आणि फोन ठेवून मी उरलेली मेथी निवडली. पूर्ण निवडली. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

मॅक्रो मी रोज थोडे थोडे काढते आहे. आधी नाव शोधायचं, ते कुठे कुठे वापरलंय ते बघायचं, त्याचं फंक्शन लिहायचं, एकेका जागी बोलावणं टाकायचं, मग पेटी जोडून तपासायचं. सकाळी दहा ते सहा. काम हाताला कळतं, डोकं लागत नाही. नावं मी तुझीच ठेवली. एक सोडून. आई_ओरडलीचं मी बझर_वाजव केलं, कारण तुझं नाव वाचून दुसऱ्या कोणाला काही कळलं नसतं. बदलून झाल्यावर मी थांबले. आता तू खुर्ची ओढत येशील आणि म्हणशील, "ए, माझ्या आईला कुठं पाठवलंस?" असं वाटलं. म्हणजे वाटलं असंही नाही. थांबले एवढं खरं. मग पुढचं घेतलं.

एक गोष्ट कबूल करते. काही ठिकाणी तुझंच बरोबर होतं. आकड्यांना दिलेली नावं, किती व्होल्टला बंद, किती सेकंद थांबायचं, ते मॅक्रो मी तसेच ठेवलेत. तिथे फंक्शन करण्यात काही अर्थ नव्हता. तू हयात असतीस तर हे मी मान्य केलं नसतं.

तुझा दादा मागच्या मंगळवारी आला. तुझा डबा, चष्मा, पायऱ्यांजवळची चप्पल, सगळं मी पिशवीत भरून ठेवलं होतं. पिशवी घेऊन तो जाईल असं वाटलं, पण तो बसला. तुझ्या खुर्चीत नाही, माझ्या डुगडुगत्या खुर्चीत.

"काय करून राहिली तू हे?" त्यानं स्क्रीनकडे बोट करून विचारलं. पूर्ण बोट नव्हतं ते.

मग मी त्याला सांगितलं. पेट्या, एकत्रीकरण, मॅक्रो, चिकटणाऱ्या दोन ओळी. तो शेतकरी माणूस, पण मध्ये कुठेच अडला नाही.

"म्हणजे तिनं तो मॅक्रो तसा नसता लिहिला, तर हे झालं नसतं."

"हो."

"आन् ज्यानं ती कुलपाची ओळ लिहिली, त्यानं कंस घातला असता, तरी झालं नसतं."

"हो."

"दोन्ही तिनंच लिहिलं ना?"

भिंतीपलीकडे लूम चालू होते. "हो" म्हणायची मला किती सवय झाली होती ते तेव्हा कळलं, कारण तोंड उघडलंच होतं.

"नाही, दादा. ओळ माझी होती."

मी माठातलं पाणी आणून दिलं. त्यानं ते हातात धरून ठेवलं.

"तिनं मले सांगितलं, सगळी चूक माझी हाय म्हणून. दवाखान्यात. पट्टी बदलत व्हते तवा." मग म्हणाला, "तू तवा काहून बोलली नाही?"

"भीती वाटली."

"कायची?"

"कामाची. काम जाईल याची. आणि ती बोलून गेली होती, मग..."

"मग तुले बरं वाटलं."

"हो."

त्यानं पाणी प्यायलं. ग्लास नीट टेबलाच्या मध्यभागी ठेवला. म्हणाला, "राखीले ती शहरातून घरी आली व्हती. तुले काय सांगितलं तिनं?"

"दादा शेतात होता, भेट नाही झाली, असं."

"मी घरातच व्हतो. मागच्या खोलीत बसेल व्हतो. आईनं सांगितलं शेतात गेला म्हणून. तिनं राखी देवापाशी ठेवली आन् गेली. तिची चप्पल वाजली जाताना, ते मी ऐकलं." त्यानं पिशवीकडे बघितलं. "जून ते फाल्गुन, मी तिच्याशी एक शब्द बोललो नाही. दवाखान्यात आलो तवा ती शुद्धीत नव्हती."

कल्पना, तू हे मला सांगितलं नाहीस. नऊ महिने माझ्या समोरच्या टेबलावर बसून डबा खाल्लास. मला लोणचं वाढलंस. एकदा तरी सांगायचं. मी असं लिहिते आहे, पण तू का सांगितलं नसेल हे मला माहीत आहे. तू सांगितलं असतंस, तर मला बोलावं लागलं असतं. तू माझ्यावर तेवढंही टाकलं नाहीस. याबद्दल तुझे आभार मानायचे की तुझ्यावर चिडायचं, मला ठरवता येत नाही. दोन्ही करायला आत काहीतरी हलावं लागतं.

दादा उठताना म्हणाला, "हे आईले सांग. मी नाही सांगत. तू ये आन् तू सांग."

रविवारी मी दापोऱ्याला गेले. नवी पेटी बरोबर घेतली होती. तुमच्या शेतावर आधी लावते म्हटल्यावर भाऊंनी ती काढून दिली.

काकू ओसरीत बसल्या होत्या. तुझा फोटो आतल्या खोलीत आहे, त्यावरचा हार बदललेला नव्हता. मी समोर बसले आणि सरळ सांगितलं. मोठ्यानं प्रोग्राम वाचावा तसं, एकेक वाक्य. त्यांना मॅक्रो सांगितला नाही. एवढंच सांगितलं की ज्या चुकीनं दादाची बोटं गेली ती आम्हा दोघींची मिळून होती, आणि माझा अर्धा वाटा कल्पनानं स्वतःवर घेतला, आणि मी घेऊ दिला.

काकूंनी पदरानं तोंड पुसलं. मला वाटलं आता शिव्या देतील. मला त्या चालल्या असत्या.

"मी तिले म्हटलं व्हतं," त्या म्हणाल्या, "का तुह्या हातचं पाणी नाही पिणार मी." त्यांनी समोरच्या जागेकडे बोट केलं. "ती पाण्याचा गिलास घेऊन उभी व्हती वं इथं. तशीच परत गेली चुलीपाशी."

आत कोणीतरी भांडी घासत होतं. मी काकूंच्या पायाला हात लावला, त्यांनी पाय मागे घेतला नाही, पुढेही केला नाही. थोड्या वेळानं दादानं बाहेरून हाक मारली, आणि मी पेटी घेऊन शेतात गेले.

दादानं मेन स्विच पाडला. मी पेटी बसवली, आणि त्यानं स्विच परत लावला. कुलूप लावून, व्होल्टेज कमी-जास्त करून, सगळ्या तऱ्हांनी पाच-पाच वेळा तपासलं. मोटर उठली नाही. मग कुलूप काढलं आणि मोटर सुरू केली. पाणी पाटानं केळीत निघालं.

वळून बघते तर काकू बांधावरून येत होत्या. तेराव्यानंतर त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या, दादानं नंतर सांगितलं. त्या पेटीजवळ आल्या, तिच्यावर हात ठेवला, गरम आहे का बघावं तसा.

"ह्याच्यात तिचं काय हाय?"

मी सांगितलं. "काकू, विहिरीतलं पाणी संपलं आणि मोटर तशीच फिरत राहिली तर जळते. पाणी संपत आलं की मोटरचा करंट उतरतो. किती उतरला म्हणजे संपलं समजायचं, हे कल्पनानं काढलं. मीटर घेऊन दोन उन्हाळे विहिरींवर बसली ती. इथं पण बसली होती."

"हो. छत्री घेऊन बसे. मी म्हणो, काळी पडशील."

"मी मांडणी बदलली. पण त्यातला एक आकडा बदललेला नाही. तो भाग सगळा तिचा आहे."

"मंग संपू दे पाणी," काकू म्हणाल्या आणि बांधावर बसल्या.

चैत्राचं ऊन होतं. दादानं त्यांच्या डोक्यावर टॉवेल धरला, त्यांनी तो बाजूला केला. आम्ही थांबलो. विहिरीत चैत्रात पाणी असतं तरी किती. पाऊण तासानं धार बारीक झाली, नळीनं हवा ओढल्यासारखा खरखर आवाज केला, दोनदा पाणी फेकलं, आणि धार थांबली. मोटरची घरघर आणखी थोडी राहिली. मी मनात सेकंद मोजत होते, तू लिहिलेले. मग टक् झालं आणि सगळं शांत झालं.

"बंद झाली काय वं?"

"हो काकू."

"कोणी केली?"

दादा पेटीपासून लांब उभा होता. मीही.

"कल्पनानं," मी म्हटलं.